खळ्यात पडदा बांधणाऱ्या दादास

प्रिय दादा,

समोर उभं राहून आभार मानले असते तर तू विषय बदलून टाकला असतास, म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. वाडीतल्यांनी आणि मुंबईला असलेल्या आपल्या माणसांनीही ते वाचावं. तू आमच्या घरासाठी काय केलंस ते त्यांना अर्धवटच माहीत आहे.

हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. दशावतारी नाटकांच्या मंडळात ज्या हातानं उभी हयात पखवाज वाजवला, तो हात उचलून उशीवर ठेवावा लागत होता. त्यांना समजत सगळं होतं, फक्त शब्द येत नव्हते. मी घरून काम करायची परवानगी काढून गावी आले. औषधं, व्यायाम, मालिश, पेज भरवणं, हे सगळं वेळच्या वेळी होत होतं. पण दिवेलागण झाली की घरावर जी कळा यायची ती मला सोसवत नव्हती. माणसं भेटायला यायची, बाबांच्या देखत बाबांबद्दल कुजबुजायची आणि निघून जायची.

मग एका रात्री तू टेम्पो घेऊन आलास. लग्नसराईत भाड्यानं जाणारा तुझा प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि एकच स्पीकर. मी विचारायच्या आत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोन बांबू रोवून झाले होते. बाबांची खाट तूच बाहेर काढलीस. मी पैशांचं काढलं तेव्हा म्हणालास, "पैसे खयचे? बाबा काय तुझे एकटीचेच?" त्यानंतर ज्या रात्री तुझी ऑर्डर नसेल, त्या रात्री तू आमच्याकडे असायचास. सिनेमाच्या ॲपची वर्गणी मी भरत होतेच, पण खोलीत एकटीनं मोबाईलवर सिनेमा बघणं आणि खळ्यात चार घरांनी मिळून बघणं यातला फरक मला तुझ्यामुळे कळला.

पहिला सिनेमा तू निवडलास, 'अशी ही बनवाबनवी'. 1988 सालचा. तो बघितला नाही असं माणूस आपल्याकडे सापडायचं नाही, तरी सगळी वाडी आली. मला तो कायम आवडत आला, पण का आवडतो ते मी त्या रात्री समजून घेतलं. त्यातल्या सगळ्या सोंगांच्या मुळाशी डोक्यावर छप्पर नसणं आहे. चार तरुणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे आणि जागा मिळत नाही, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. आपल्या वाडीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईच्या गाळ्यात, खाटेवर, कुणाच्या तरी पायथ्याशी झोपून दिवस काढलेलं आहे. ती अडचण खरी आहे म्हणून ते सोंग इतकं हसवतं. अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी, यांतला एकही जण आपण विनोद करतो आहोत असं दाखवत नाही. प्रत्येक जण जिवावर उदार होऊन आपली अब्रू वाचवतो आहे. अशोक सराफांना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला वाटलं, ही त्यांच्या विनोदाच्या काटेकोर टायमिंगला मिळाली आहे. शब्द कुठे तोडायचा आणि नजर कधी फिरवायची हे त्यांच्याइतकं नेमकं फार थोड्यांना जमलं.

आणि त्याच रात्री ते झालं. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी बाबांनी पुढचं वाक्य म्हटलं. अडखळत, पण पुरं. काकी रडायलाच लागली. तू मात्र सिनेमा थांबवला नाहीस, आवाज जरासा कमी केलास, एवढंच.

नंतर बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला समजावलं की यात चमत्कार नाही. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम मुख्यतः डाव्या बाजूला चालतं. तिथे इजा झाली की नवं वाक्य जुळवणं अवघड होतं. पण तोंडपाठ असलेल्या ओळी, गाणी, आकडे, देवाचं नाव, शिव्यासुद्धा कित्येकदा शाबूत राहतात आणि आधी बाहेर पडतात. त्या म्हणाल्या, ओळखीचं ऐकवत राहा, सोबत म्हणायला लावा. तू ते कुणी सांगण्याआधीच सुरू केलं होतंस. 'वस्त्रहरण'चं चित्रण लावलंस तेव्हा तर मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचांबरोबर बाबा अर्धा वेळ ओठ हलवत होते. पाच हजारांवर प्रयोग झालेलं ते नाटक बाबांनी किती वेळा बघितलं असेल देव जाणे. गावातली माणसं द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ लावायला निघतात आणि त्यांची जी तारांबळ उडते, ती बाबांनी रंगपटात स्वतः जगलेली आहे.

तुझी सगळ्यात मोठी निवड मात्र 'नारबाची वाडी' होती. मला भीती वाटली होती. आजारी माणसाला मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याची गोष्ट दाखवायची? पण तू ठाम राहिलास. 2013 सालच्या त्या सिनेमात दिलीप प्रभावळकरांचा नारोबा आज जातो की उद्या अशा अवस्थेत असतो, खोताचा त्याच्या वाडीवर डोळा असतो. तू मेलास की वाडी माझी, तोवर महिन्याला पैसे घे, असा सौदा ठरतो, आणि पैसे सुरू झाल्यावर म्हातारा दिवसेंदिवस टुणटुणीत होत जातो. नारळाच्या एकेका झाडावर त्याचा जो जीव आहे तो बघताना बाबा आमच्या माडांकडे बघत होते. मरणावर इतकं निर्मळ हसवणारा मराठी सिनेमा मला दुसरा आठवत नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामाला बाबांनी कुरकुर केली नाही.

पावसाळा लागला आणि पडदा पडवीत आला. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यात समुद्र खवळलेला, त्यामुळे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे रापणकर, होडीवाले सगळे मोकळे. पडवीत बसायला जागा उरेना. तेव्हा आपण 'वाळवी' लावला आणि मतं फुटली. मला तो अलीकडच्या मराठी सिनेमांतला सगळ्यात हुशार वाटतो. 2023 सालचा, परेश मोकाशींचा. बायकोचा काटा काढायचा बेत नवरा आणि त्याची प्रेयसी घड्याळ लावून रचतात आणि पहिल्याच फटक्यात तो विस्कटतो. हसू येतं आणि आपण कशावर हसतो आहोत याची भीतीही वाटते. बाबांना नाही आवडला. तोंड वाकडं करून हात हलवला. तुझं म्हणणं होतं की यात एकही माणूस जीव लावावा असा नाही. त्यात तथ्य आहे, पण मी माझ्या मतावर आहे. जिथे प्रत्येक जण स्वार्थी आहे तिथला विनोद असाच थंड असायला हवा, आणि तो तसा ठेवायला धीर लागतो.

'मुंज्या' पोरांच्या हट्टानं लागला. हिंदी असला तरी भूत आपल्याकडचं, पिंपळावरचं, आणि दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे 'नारबाची वाडी'चाच. संगणकावर बनवलेला मुंज्या मला फार दाखवला गेला असं वाटतं. न दिसणारं भूत आपल्याला जास्त माहीत आहे. पोरं मात्र त्या रात्री परसात जायला तयार नव्हती, तेव्हा त्यांचं मत वेगळं धरू.

गाण्यांबद्दल तुझे आभार वेगळे मानायला हवेत. साऊंडचा धंदा असूनही तुझं एकच सांगणं असतं, "आवाज कमी ठेय, शब्द कळाक होये." मी नव्या गाण्यांना नाकं मुरडणारी होत चालले होते. तू 'गुलाबी साडी' मला कमी आवाजात, बेस उतरवून ऐकवलंस. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं हे गाणं 2024 मध्ये देशभर वाजलं, आणि कमी आवाजात कळतं की त्याचा जोर चालीच्या साधेपणात आहे. एकदा ऐकलं की शाळेतली पोर म्हणू शकते. तेवढ्यावरच थांबत नाही ते. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा नवी चाल उचलून गजराला लावतात तसं गणपतीत अशा गाण्यांचंही होतं, आणि चाल सोपी असल्याशिवाय भजनात टिकत नाही. त्याउलट 'स्वदेसी' या रॅप गटाचं 'वारली रिव्होल्ट' तू मुद्दाम दोनदा लावलंस. 2019 सालचं, मुंबईतल्या आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर त्यात गातात. जंगल, जमीन आणि ती घेणारे, यांच्याबद्दलचं ते गाणं ऐकून रापणकर काका म्हणाले, हे आपलंच आहे. रॅप म्हणजे परक्यांचं असं ज्याला वाटतं त्यानं ते ऐकावं. मला स्वतःला आजही 'मी डोलकर'मधला हेमंतकुमारांचा आवाज आणि हृदयनाथांची चाल जवळची वाटते, पण त्यामुळे नव्याला कमी लेखायचं कारण नाही.

आता 'दशावतार'बद्दल. गणपती होऊन गेले आणि 12 सप्टेंबर 2025 ला तो आला. तो पडवीत बघायचा सिनेमा नाही, थिएटरातच बघायचा, असं तूच ठरवलंस. तासाभराची वाट, खड्डे, पाऊस. थिएटरला पायऱ्याच पायऱ्या, चाकाच्या खुर्चीला उतार नाही. तू आणि तुझ्या दोन पोरांनी बाबांना खुर्चीसकट उचलून आत नेलंस आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या पायांना मसाज करत बसलास. हे मी विसरणार नाही.

सिनेमाबद्दल माझं मत तुला माहीत आहे, तरी इथे लिहिते, कारण यावर वाडीत अजून वाद आहे. 81 वर्षांचे प्रभावळकर बाबुली मेस्त्री झाले आहेत. नजर अधू होत चाललेला दशावतारी नट, खेळ सोडायला तयार नसलेला. पहिला अर्धा भाग मला परिपूर्ण वाटतो. तोंडाला रंग लावतानाचा त्यांचा चेहरा, अंगात सोंग चढत जाणं, मुलाशी असलेली माया, सगळं तोलून केलेलं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो, पायपेटी, पखवाज आणि झांज त्याच्या मागोमाग येतात. नटाचं लक्ष म्हणून सतत वाजवणाऱ्यांकडे असतं. प्रभावळकरांनी तेवढी एक नजर बरोबर पकडली आहे, आणि ती दिसली तेव्हा बाबांनी माझा हात दाबला.

उत्तरार्धात गोष्ट खाणवाल्यांवरच्या सूडाकडे वळते. तिथे तो सिनेमा मला थोडा घाईचा वाटला. खाणवाल्यांचा प्रश्न इतका खरा आहे की त्याला एक खलनायक पुरत नाही. सिंधुदुर्गातल्या माणसाला खाण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तरी दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी आपली बोली, आपली राई, आपली राखण एवढ्या मोठ्या पडद्यावर आणली आणि गुरू ठाकुरांचे शब्द, प्रफुल्लचंद्रांचं संगीत त्या मातीला धरून राहिलं, याचं मोल मोठं आहे. बाजूच्या रांगेतल्या पोरांनी संकासुर आधी पाहिला नव्हता. काळ्या कपड्यातला, वेद पळवणारा आणि मालवणीत सगळ्यांना हसवणारा संकासुर. बाबांनी कितीतरी रात्री ज्याला ठेका धरला, तो.

परत येताना गाडीत बाबांनी डाव्या हातानं मांडीवर ताल धरला. तू आरशात बघितलंस आणि गाडीतला रेडिओ बंद केलास. त्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे पत्र लिहिलं असतं.

आता पुढचं. 'आता थांबायचं नाय' अजून राहिला आहे. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीचा अभ्यास करतात, ती गोष्ट बाबांना दाखवायची आहे, शिवाय भरत जाधव त्यांचा लाडका. पाऊस उघडला आहे, खळं सारवून घेते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तुझ्या ऑर्डरी वाढतील, म्हणून त्याआधी ये. वहिनीला आणि पोरांना जेवायलाच आण. बाबांनी "दादा" हा शब्द आता स्वतःहून म्हणायला सुरुवात केली आहे, आणि तो ते फक्त तुझ्यासाठी वापरतात.

तुझीच,
पखवाजवाल्यांची मुलगी