चेहरा पाहून थांबवणारी चौकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांनी बरोबर काय न्यावं, याच्या याद्या दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. विमानतळावरून बाहेर पडल्यानंतरही भर हमरस्त्यावर तुमचं नागरिकत्व विचारलं जाऊ शकतं, हे मात्र त्यांत कुठेच नसतं. म्हणून हे पत्र.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. त्यांना समुद्र दाखवायला दक्षिण टेक्सासला नेलं. मेक्सिकोत आम्ही पाऊलही टाकलं नाही. परतताना सीमा गस्ती दलाच्या (बॉर्डर पेट्रोल) एका चौकीवर गाड्यांची रांग लागली होती. पुढची गाडी काच खाली झाली न झाली तोच सुटली. आमच्यापाशी आल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, "सगळे अमेरिकन नागरिक?" मी, नवरा आणि मुलगी नागरिक आहोत, बाबा व्हिजिटर व्हिसावर. तसं सांगितलं. पासपोर्ट घरी, हरवू नये म्हणून कपाटात ठेवलेला. गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. बाबांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस! नंतर ते कोपऱ्यावरच्या बागेत फिरायला जातानाही पासपोर्ट खिशात ठेवू लागले.

कागद बरोबर नव्हते ही आमची चूक. अठरा वर्षांवरील परकीय नागरिकाने नोंदणीचे कागद सतत जवळ बाळगावेत, असा इथला कायदाच आहे. पण ती चूक बाहेर आली ती आम्हाला विचारलं गेलं म्हणून. पुढच्या गाडीला विचारलंच नाही.

या चौक्या सीमेवर नसतात. दक्षिण टेक्सासमधल्या फॅलफुरियस गावची चौकी मेक्सिकोच्या सीमेपासून साधारण ११० किलोमीटर आत आहे. १९५३ सालच्या नियमाने सीमेपासून १०० मैलांपर्यंतचा (सुमारे १६० किलोमीटर) पट्टा या दलाच्या गस्तीसाठी 'वाजवी अंतर' ठरवला. समुद्रकिनाराही सीमेतच धरला जातो, त्यामुळे आमचं ह्यूस्टन त्या पट्ट्यात, आणि देशातली जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्याही त्यात. १९७६ मध्ये मार्टिनेझ-फुएर्ते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की कायमस्वरूपी चौकीवर कसलाही संशय नसताना गाडी थांबवून थोडक्यात चौकशी करता येईल. गाडी बाजूला घेण्याची निवड बव्हंशी मेक्सिकन दिसण्यावरून होत असली, तरी त्याने राज्यघटनेचा भंग होत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. न्यायमूर्ती ब्रेनन आणि मार्शल यांनी याच मुद्द्यावर विरोध नोंदवला. आदल्याच वर्षी याच न्यायालयाने फिरत्या गस्तीला केवळ मेक्सिकन चेहऱ्यावरून गाडी अडवायला मनाई केली होती. म्हणजे अधिकारी गाडीतून आला तर चेहरा पुरत नाही, चौकीत उभा असेल तर पुरतो. मला हे आजवर पटलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळींत हा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं: "आपले कागद चोख आहेत, आपल्याला काय त्याचं?" अहो, पण थांबवताना कागद कुठे दिसतात? दिसतो तो रंग. सावळ्या मराठी माणसात आणि सावळ्या मेक्सिकन माणसात काचेआडून फरक कोण करणार? आणि समजा केला, तरी मेक्सिकन माणसाला थांबवलं तर चालतं, असं म्हणायचं का आपण?

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी लरेडोहून कॉर्पस क्रिस्टीला नेत होते. वाटेत चौकी लागली. तिच्याकडे कागद नव्हते. अधिकारी रुग्णालयापर्यंत मागे गेले आणि शस्त्रक्रियेनंतर तिला ताब्यात घेतलं. लहानपणापासून इथेच वाढलेली मुलगी! चौकी टाळण्यासाठी फॅलफुरियसच्या आसपासच्या रानातून, रेताड जमिनीतून चालत निघालेले शेकडो लोक उन्हात, पाण्यावाचून मेले आहेत. हमरस्त्यावरचा 'एकच तर प्रश्न' एवढा लांबवर पोचतो.

ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी त्यांना इतकं जरूर सांगावं. शहराबाहेर जाताना मूळ पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेश दिल्याची सरकारी नोंद) ची प्रत जवळ ठेवा. गाडीतल्या सगळ्यांच्या वतीने घाईघाईत "यस" म्हणू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचं जाणूनबुजून सांगणं हा गुन्हा आहे आणि त्याने पुढचा व्हिसाही कायमचा अडकू शकतो. गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं तर नाही म्हणता येतं. तुमची संमती किंवा ठोस कारण असल्याशिवाय चौकीवर झडती घेता येत नाही, हेही १९७५ पासून न्यायालयाने ठरवलेलं आहे. आणि जे नागरिक झालेत, मतदान करतात, त्यांनी अमेरिकी संसदेतल्या (काँग्रेस) आपल्या सदस्याला या १०० मैलांबद्दल एकदा तरी लिहावं. मी लिहिलं आहे, उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)