मी युनियनच्या कार्डावर सही केली आहे

सरे, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

रविवारी बाबांनी गोदामातलं विचारलं आणि मी विषय चिनूच्या परीक्षेवर नेला. फोनवर आई गप्प झाली की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहायला बसले. मी युनियनच्या कार्डावर सही केली आहे. म्हणजे आमच्या गोदामात युनियन हवी, असं लिहून दिलंय. शिवाय आमच्या पाळीतल्या बायकांना सगळं समजावून सांगायचं कामही अंगावर घेतलंय. हे झालंय, आता मागे घेणार नाही. पण बाबा, पूर्ण वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नका.

८२च्या गिरणी संपातली डिलाईल रोडची खोली, आईचे चकल्यांचे डबे, काकांचं गावी निघून जाणं, काही विसरलेले नाही. ते आठवूनच सही केली. तुमचं घोडं अडलं कुठे? १९४६च्या कायद्याने मालकाशी बोलायची मान्यता एकाच कामगार संघाला, आणि अख्खं गिरणगाव संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेलं तरी ती तिथून हलली नाही. कामगारांचं गुप्त मतदान त्या कायद्यात नव्हतंच. इथे आधी तेच विचारतात: तुम्हाला कोण हवंय?

गोदामातल्या ज्या गटासाठी युनियन हवी, त्यातल्या ४५ टक्के लोकांनी कार्डं भरली की लेबर रिलेशन्स बोर्डाकडे, म्हणजे मालक-कामगारांचे प्रश्न बघणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. मग बोर्ड कामाच्या पाच दिवसांत गुप्त मतदान घेतं. ५५ टक्के किंवा जास्त कार्डं असली तर मतदानसुद्धा नाही, सरळ मान्यता. ही सोय २०२२ मध्ये आली. टोरांटोकडे नियम वेगळा, तिथे ४० टक्क्यांवर अर्ज आणि बहुतेक ठिकाणी मतदान होतंच. प्रत्येक प्रांताचा कायदा आपला आपला.

माझं कार्ड मी पार्किंगमध्ये, एका पंजाबी मैत्रिणीच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरलं. थंडीने पेन चालेना, तिने तोंडाची वाफ देऊन चालू केलं. तिच्या मनगटाला आधाराचा पट्टा असतो. स्कॅनरवर आकडा कमी पडला की सुपरवायझर येऊन उभा राहतो, आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्या रविवारी रात्री कळतात. चिनूला कोणी आणायचं हे मी रविवारी रात्री दहाला ठरवते. पगार वाईट नाही आई, पैशांची ओढ नाही, खरंच. पण विचारायला जावं असं कोणीच नाही तिथे.

सह्या कोणाच्या हे मालकाला दाखवत नाहीत, बोर्ड ते गुप्त ठेवतं. अर्ज दाखल झाला की पगार, पाळ्या मनाला येतील तशा बदलता येत नाहीत, आणि मान्यतेनंतरही बारा महिन्यांपर्यंत तेच बंधन. युनियनपायी काढलं अशी तक्रार गेली तर तसं केलं नाही हे मालकाने सिद्ध करायचं, आपण नाही. पहिला करार अडला तर बोर्डाकडून मध्यस्थ मिळतो.

बाबा, एक गोष्ट तुमच्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगते. क्युबेकमध्ये अ‍ॅमेझॉनच्या लावालच्या गोदामाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने त्या प्रांतातली सातही गोदामं बंद करत असल्याचं जाहीर केलं. युनियनमुळे नाही, असं कंपनीचं म्हणणं. ते वाचून मीही त्या रात्री नीट झोपले नाही. पण आमचं गोदाम बंद झालं तरी तुमच्या जावयांचं ट्रकचं काम आहे, घराचे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेत. चुलीची काळजी नको.

आणि संप? संप आज कोणाच्या मनात नाही. करार चालू असताना तो करताच येत नाही. पुढे कधी वेळ आली तरी आधी गुप्त मतदान, मग ७२ तासांची नोटीस, आणि संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार आणायला या प्रांतात १९९३ पासून बंदी आहे. तुमच्या फाटकासमोरून पोलीसगाड्यांतून माणसं आत जायची ना बाबा, तसं इथे चालत नाही.

मी नीट जेवते. आंबेमोहोर मिळतो, कुळथाचं पीठ तू दिलंस ते अजून पुरतंय, कामावर दुहेरी मोजे घालते. ताप आला की अजून तुझ्या हातची पेजच हवी असते गं आई, ती काही इथे जमत नाही. आणि बाबा, रात्रपाळीहून येताना तुम्ही माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या खिशातून आणायचात, मी जागी राहून वाट बघायचे. चिनूही हल्ली माझी तशीच वाट बघतो.

आता माझं ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, नंतर नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तर गुडघ्याचा पट्टा लावा, लाजायचं काय त्यात? आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार. तीन महिन्यांचा रिपोर्ट या आठवड्यात करून घ्या आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. रविवारी मी फोन करीन तेव्हा दोघांनी स्पीकरवर या. बाबा, रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची,
बाय