शेअरपॉइंटवाल्या मॅडमना, भोसरीहून

मॅडम, स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तसं तुम्हीच बजावलं होतंत. आमच्या शॉपफ्लोअरवर नावाची गरजही पडत नाही. 'शेअरपॉइंटवाल्या मॅडम' म्हटलं की कोण ते कँटीनवाल्यालासुद्धा कळतं. (शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या फाइली ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन कपाट.) पत्र मात्र उघड लिहितोय. भोसरीपासून चाकणपर्यंत आमच्यासारखे गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, आणि त्या प्रत्येकात माझ्यासारखा कोणीतरी डॉक्युमेंट कंट्रोल, म्हणजे ड्रॉइंग नि सर्टिफिकेटांचा हिशोब, सांभाळत बसलेला आहे. तुम्ही आम्हाला जे करून दिलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे. तुमचे आभार मानता मानता त्यांना ते सांगून होईल.

तुम्ही आलात ते मेलबॉक्स हलवायच्या कामाला. फाइलींचं आमचं रडगाणं तुमच्या कामाच्या कागदात कुठेच नव्हतं. तरी तुम्ही ऐकून घेतलंत, आणि नंतर गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, लोक सिस्टीमवर नसताना येऊन सेटिंग बदलून दिलीत. त्याचं बिल अजून आलेलं नाही, आणि ते येणार नाही असं अकाउंट्सवाले म्हणतात.

तुमच्या आधीच्या सल्लागाराने शेअरपॉइंटवर आमची लायब्ररी, म्हणजे फाइलींचा कप्पा, बांधली होती, त्यात प्रत्येक फाइलीसोबत भरायचे डझनभराहून जास्त कॉलम, म्हणजे माहितीचे रकाने, होते आणि सगळे सक्तीचे. ग्राहक, प्रकल्प, विभाग, उपविभाग, दस्तऐवजाचा प्रकार, गोपनीयता, भाषासुद्धा. आयएसओच्या गुणवत्ता-मानकाला हे लागतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही आयएसओ 9001:2015 चं कलम 7.5.2 काढून आमच्यासमोर ठेवलंत. रकान्यांपुरतं बघितलं तर त्यात दस्तऐवजाला ओळख आणि वर्णन असावं एवढंच आहे, आणि उदाहरण म्हणून शीर्षक, तारीख, लेखक, संदर्भ क्रमांक दिलेत. किती रकाने असावेत, हे त्यात कुठेच नाही. आमच्या क्यूए (गुणवत्ता) हेडनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

सक्ती केल्यावर लोक काय करतात हे तुम्ही कागदावर न मांडता थेट लायब्ररीत दाखवलंत. एका कॉलमवर फिल्टर लावला, तर निम्म्या रकान्यांत 'एनए', काहींत नुसतं टिंब, एकात 'नंतर बघू'. ग्राहकाच्या कॉलममध्ये मात्र सगळं कसं व्यवस्थित भरलेलं! तिथेच तुम्ही थांबलात. यादीतला पहिलाच ग्राहक डिफॉल्ट, म्हणजे आधीच भरलेलं उत्तर, म्हणून बसवलेला होता. शेअरपॉइंटच्या जुन्या पद्धतीत निवडीचा कॉलम बनवला की पहिला पर्याय आपोआप डिफॉल्ट होतो, आणि तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. ज्या रकान्यात काहीतरी आधीच भरलेलं असतं तो सक्तीचा असला काय आणि नसला काय. नियम शंभर टक्के पाळला गेला, आणि ज्यांना आम्ही महिन्याला जेमतेम एक खोका माल देतो ते ग्राहक कागदोपत्री आमचे सगळ्यात मोठे झाले.

दुसरी गोष्ट तांबड्या चांदणीची. आमची समजूत अशी की कॉलमपुढे चांदणी आली म्हणजे माहिती भरल्याशिवाय फाइल आत जाणार नाही. तुम्ही दहाबारा फाइली माउसने ओढून लायब्ररीत टाकल्यात, आणि सगळ्या बिनबोभाट आत गेल्या. फक्त 'माहिती हवी' अशी खूण त्यांच्यापुढे उमटली. शेअरपॉइंटच्या नव्या रूपात हे मुद्दामच असं ठेवलंय, काम अडू नये म्हणून. अर्धवट फाइली नंतर एका वेगळ्या व्ह्यूमध्ये, म्हणजे निवडक यादीत, गोळा दिसतात. तेव्हा ती चांदणी म्हणजे 'येथे वाहने लावू नयेत' ही सदाशिव पेठेतली पाटी. पाटी खरी, आणि तिच्याखाली लावलेल्या चार स्कूटरही खऱ्या.

पण तुमचे आभार मानायचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. ते दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरचं. गेज कॅलिब्रेशनची (मोजमापाची साधनं तपासल्याची) सर्टिफिकेटं मी वेळेवर टाकली, असं ते शपथेवर सांगत होते. ऑडिटच्या वेळी लायब्ररीत एकही दिसलं नाही. गेज सांभाळणारी स्टँडर्ड्स रूम म्हणे टाकलीच नाहीत. प्रकरण मेमोपर्यंत गेलं होतं. तुम्ही दोघांचं ऐकलंत आणि विचारलंत, या लायब्ररीत चेक-आउट, म्हणजे फाइल आधी आपल्या नावावर घेणं, सक्तीचं आहे का? होतं. मग लायब्ररी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी असलेलं एक पान उघडलंत, एकदाही चेक-इन न झालेल्या, म्हणजे सगळ्यांसाठी जमा न केलेल्या, फाइलींचं. सगळी सर्टिफिकेटं तिथे ओळीने पडलेली होती, त्यांच्याच नावावर, त्यांनी सांगितलेल्या तारखांना. चेक-आउट सक्तीचं असलं की टाकलेली फाइल टाकणाऱ्याच्या नावावर राहते, सक्तीचे रकाने रिकामे असले की ती चेक-इन होत नाही, आणि पहिलं चेक-इन होईपर्यंत ती त्याच्याशिवाय कोणाला दिसत नाही. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. तुम्ही फाइली ताब्यात घेऊन मोकळ्या केल्यात. मेमो मागे घेतला गेला. सुपरवायझर तुम्हाला काहीच बोलले नाहीत, मान हलवून लाइनवर निघून गेले. ते तसेच आहेत. घरी मात्र त्यांनी हे सविस्तर सांगितलंय, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं. तोही आमच्याकडेच अप्रेंटिस आहे.

डिझाइनवाल्यांचं भांडणही तुम्ही असंच सोडवलंत. ते लायब्ररी आपल्या कॉम्प्युटरवर सिंक करून, म्हणजे तिची आपोआप जुळत राहणारी प्रत ठेवून, थेट फोल्डरमधून काम करायचे. कॉलम सक्तीचे केल्यापासून प्रत्येक फाइलवर कुलूप यायला लागलं, उघडायची पण सेव्ह होत नाही. अँटिव्हायरसपासून नेटवर्क केबलपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. तुमचं उत्तर एका वाक्यात: लायब्ररीत सक्तीचे कॉलम असले की सिंक करणारं वनड्राइव्ह ती फक्त वाचण्यापुरतीच सिंक करतं. फोल्डरमधून सेव्ह करताना रकाने विचारायला जागाच नसते, म्हणून.

यातूनच तुम्ही दोन लायब्रऱ्यांची युक्ती काढलीत. 'काम चालू' मध्ये कसलीही सक्ती नाही. हवं ते टाका, हव्या त्या नावाने टाका, 'फायनल न्यू 2 लेटेस्ट' चालेल. 'जारी' मध्ये मात्र माणसांना लिहायची परवानगीच नाही, सगळ्यांना फक्त वाचता येतं. तिथे फाइल पोचवतो तो पॉवर ऑटोमेटचा फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, आणि तो आधी रकाने तपासतो. रिकामा असेल तर फाइल जागची हलत नाही, टाकणाऱ्याला निरोप जातो. सक्ती अपलोडच्या क्षणावरून उचलून जारी करण्याच्या क्षणावर नेलीत. मला हे फार पटलं. अपलोड करताना माणूस घाईत असतो, बस सुटायची असते. जारी करताना तो सही करायला बसलेला असतो.

तो निरोप फक्त टाकणाऱ्याला जावा, त्याच्या साहेबाला कॉपी नको, यावर तुम्ही अडून बसलात. प्लांट हेडना ते रुचलं नव्हतं. आता रुचलंय असंही म्हणता येणार नाही, पण लोक रकाने भरतात, म्हणून ते गप्प आहेत.

आता तुमच्या त्या वहीबद्दल, जिच्यात तुम्ही सगळं टिपत होतात. तुम्ही स्टोअर्स, स्टँडर्ड्स रूम, सीएमएम (मोजमापाचं मशीन), टूलरूम, डिस्पॅच असं सगळीकडे स्टूल ओढून बसलात, आणि प्रत्येक रकान्यासमोर एकच प्रश्न लिहिलात: हे कोणाला माहीत असतं? अपलोडची तारीख आणि टाकणाऱ्याचं नाव सिस्टीमला माहीत असतं, मग माणसाला कशाला विचारायचं? विभाग फोल्डरवरून कळतो, तिथे फोल्डरनिहाय डिफॉल्ट. हे डिफॉल्ट चालतं, कारण ते फोल्डरबरोबर बदलतं. ग्राहक पार्ट नंबरवरून कळतो, तो फ्लो स्वतः पार्ट मास्टरमधून (सगळ्या पार्टच्या मूळ यादीतून) शोधून भरेल. अशा एकेक रकान्यावर काट मारत गेलात आणि ड्रॉइंगसाठी तीन उरले: पार्ट नंबर, रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते) आणि ग्राहकाकडून बदल मिळाल्याची तारीख.

तिसऱ्यावर मी हुज्जत घातली होती. अपलोडची तारीख आहे ना, म्हटलं. तुम्ही म्हणालात, ग्राहकाची मेल सोमवारी येते, मार्केटिंगवाले ती आठवड्याने पुढे पाठवतात, फाइल त्यानंतर पडते. सिस्टीमला यातलं फक्त शेवटचं कळतं. आयएटीएफ 16949 मध्ये, म्हणजे गाड्यांच्या उद्योगाच्या गुणवत्ता-मानकात, ग्राहकाच्या इंजिनीअरिंग बदलाचा आढावा सूचना मिळाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत पूर्ण व्हावा असं आहे. ते दहा दिवस अपलोडपासून मोजत बसलो तर पहिल्याच ऑडिटरने पकडलं असतं.

रिव्हिजनचंही तसंच. शेअरपॉइंट प्रत्येक बदलाला आपला व्हर्जन नंबर वाढवत जातो, आणि आमच्याकडे कित्येक जण त्यालाच रिव्हिजन समजत होते. ग्राहकाची रिव्हिजन असते ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये, 'सी' किंवा 'डी'. शेअरपॉइंटचा सातवा व्हर्जन आणि ग्राहकाची 'सी' यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आता दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, आणि नवीन पोरांना समजवावं लागत नाही.

पार्ट नंबर टाइप करू दिला नाहीत, यादीतून निवडायला लावलात, हे तर थोरच उपकार. एकच पार्ट आमच्याकडे डॅश घालून, डॅशशिवाय, मध्ये जागा सोडून आणि शून्याऐवजी 'ओ' लिहून, असा चार नावांनी नांदत होता. शिवाय पार्ट नंबर नसेल तर रेकॉर्ड कधीपर्यंत ठेवायचं हेच ठरत नाही. पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेतल्याचे कागद), टूलिंगची रेकॉर्ड, खरेदीचे करार हे सगळं पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत, अधिक एक कॅलेंडर वर्ष सांभाळायचं असतं. कुठल्या पार्टचं ते माहीत नसेल तर जन्मभर सांभाळत बसा. आमच्या जुन्या सर्व्हरवर नेमकं तेच चाललं होतं.

दोन बारीकसारीक गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्याच नसत्या. कॉलमची नावं मराठीत हवीत असा ऑपरेटरांचा आग्रह होता. तुम्ही कॉलम आधी इंग्रजीत बनवलेत आणि मग दिसणारं नाव मराठी केलंत. कॉलमचं आतलं नाव पहिल्यांदा जे पडतं तेच कायम राहतं, आणि ते देवनागरीत पडलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी लांबलचक कोड येऊन बसतो. पुढे फ्लो लिहिणाऱ्याचे हाल. दुसरं म्हणजे इंडेक्स, शोधायला सोपं जावं म्हणून कॉलमची सिस्टीमने ठेवलेली सूची. लायब्ररीत 3 कोटीपर्यंत फाइली मावतात, पण व्ह्यूची मर्यादा 5,000 ची. पार्ट नंबरला इंडेक्स लावून घ्या, नंतर आठवेल तेव्हा उशीर झालेला असेल, असं म्हणून तुम्ही तो लगेच लावूनच दिलात.

जुन्या फाइलींचं मात्र तुमचं ऐकताना जीवावर आलं होतं. कॉलम नव्याने सक्तीचा केला तरी आधीच्या फाइली रिकाम्याच राहतात, त्यांना कोणी हात लावेपर्यंत. सगळं आधी भरून घेऊ, सुट्टीत पोरं बसवू, असा आमचा बेत. तुम्ही 'पार्ट नंबर रिकामा' असा एक व्ह्यू बनवलात, म्हणालात, जे पार्ट आज लाइनवर आहेत तेवढेच ग्रिडमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, भरा, बाकीचे झोपू द्यात. झोपलेत. कोणी उठवायला आलेलं नाही.

तुमच्या वहीत टूलरूमच्या पानावर एक प्रश्नचिन्ह राहिलं होतं: फिक्स्चरची (मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याची) रिव्हिजन कोणाला माहीत असते, डिझाइनला की टूलरूमला? डिझाइनवाले म्हणत होते आम्हाला. मी फोरमनना विचारलं, तर ते रॅकपाशी घेऊन गेले. बदल झाला की फिटर फिक्स्चरच्या पायावरच रिव्हिजन पंच करतो, आणि डिझाइनचं ड्रॉइंग त्यानंतर कधीतरी सुधारतं. तेव्हा तो रकाना टूलरूमकडे दिलाय, पंच बघूनच भरायचा. तुमच्या वहीत तेवढं लिहून घ्या.

आपला,
डॉक्युमेंट कंट्रोल, भोसरी एमआयडीसी