रोबो येऊ द्या, पण तालुक्याला व्यवसायोपचारतज्ज्ञही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अर्धांगवायूनंतर लुळा पडलेला हात रोबो आणि ‘व्हीआर’च्या (म्हणजे पडद्यावरच्या आभासी खेळांच्या) मदतीने पुन्हा कामाला लावणाऱ्या केंद्रांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. अशीच एक बातमी वाचून गेल्या वर्षी आम्ही फलटणहून पुणे गाठले होते. त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

माझ्या यजमानांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. उजवी बाजू गेली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे पाने धरलेला हात तो. पाय महिनाभरात जमिनीला टेकू लागला, बोलणे सुधारले, हात मात्र मांडीवर पडून. पुढे मूठ वळू लागली तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली. भेटायला येणारा प्रत्येक जण रबरी चेंडू आणून द्यायचा आणि ‘दाबत राहा’ म्हणायचा. ते दाबत राहिले. मूठ इतकी आवळत गेली की नखे तळव्यात रुतू लागली. रोज सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात तो हात धरायचा, एकेक बोट हलक्या हाताने सोडवायचे, आत कोंडलेला घाम पुसायचा आणि मऊ फडक्याची गुंडाळी मुठीत ठेवायची, हा माझा नेम झाला. मूठ मिटणे लवकर येते, ती उघडणे कठीण असते आणि खरी मेहनत उघडण्यावर घ्यावी लागते, हे आम्हाला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

पुण्याच्या त्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही. तिथे यंत्राचा हातमोजा घालून समोरच्या पडद्यावरची सफरचंदे टोपलीत टाकायची असत. मोजा बोटे उघडायला मदत करी. ‘आज ऐंशी पडली’ असे सांगताना ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसले, त्याचे मोल मला आहे. आठवड्यातून तीनदा लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड अशी पालखीची वाट आम्ही भाड्याच्या गाडीने उलटी तुडवली. तीन महिन्यांत हात पूर्वीसारखा होईल असे तोंडी सांगण्यात आले होते. दोन महिन्यांनी टोपली भरभरून वाहत होती आणि घरी सदऱ्याचे बटण मीच लावत होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती मोडली गेली ती वेगळीच.

माझी भाची फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने जे वाचून समजावले ते आम्हाला आधी कळायला हवे होते. ब्रिटनमध्ये चार केंद्रांत 770 रुग्णांवर अशा रोबोची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. यंत्र होते अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जन्मलेले ‘एमआयटी-मॅनस’. काही रुग्णांनी त्यावर पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे सराव केला. काहींकडून थेरपिस्टने तेवढाच वेळ हाताची कामे करून घेतली आणि उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. ठरवलेल्या मापाने हाताचे काम सुधारलेले रुग्ण अनुक्रमे 44, 50 आणि 42 टक्के निघाले, म्हणजे हा फरक यंत्राच्या खात्यावर टाकावा एवढा नव्हता. हालचाल थोडी सुधारली, पण रोजच्या कामांत ती उतरली नाही. आमच्या घरी हेच तर घडत होते!

पडद्यावरच्या खेळांचेही तसेच. कॅनडातल्या संशोधकांच्या 141 रुग्णांच्या चाचणीत (2016) निम्म्यांनी ‘वी’ हा व्हिडिओ गेम खेळला, निम्म्यांनी पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असले बैठे खेळ. दोन्हीकडे हात सारखेच सुधारले. ते ऐकल्या दिवसापासून आमच्याकडे रात्री जेवणानंतर बदाम सातचा डाव मांडला जातो आणि पान उजव्या हातानेच टाकायचे, असा नातवाचा कायदा आहे.

ही यंत्रे बिनकामाची आहेत असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. मेंदूचा जो भाग वाचला आहे त्याला हाताची गिरवणी पुन्हा शिकवायची तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या बैठका कोणी बसून मोजल्या (2009), तर एका बैठकीत हाताने काही काम करण्याची आवर्तने सरासरी 32 भरली. यंत्र न कंटाळता मोजून करून घेते, हा त्याचा खरा गुण. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या 2017 च्या आढाव्यातही हेच आहे: नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिले तर हाताला जास्त फायदा दिसत नाही, त्या उपचारावर वरकड म्हणून दिले तर दिसतो. म्हणजे आधी नेहमीचा उपचार तर हवा! तालुक्याच्या गावात तोच मिळत नाही, तिथे वरकड कशाच्या वर चढवायचे?

आमच्या फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ती आहे त्या मूळच्या अमेरिकन कमलाबाईंनीच 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, हे किती जणांना माहीत आहे? आशियातली ती या विषयाची पहिली शाळा. त्याच फलटणमध्ये आम्ही हातासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ शोधत फिरलो आणि आम्हाला कोणी सापडले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी भाचीच्या ओळखीने एक तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने चेंडू काढून घेतला. दुखऱ्या हाताला धरून ओढत उठवायचे नाही, खांदा निसटतो, अशी सुनेला आणि मला तंबी दिली. मग ह्यांना विचारले, ‘काका, या हाताने तुम्हाला काय करायचंय?’ इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ते म्हणाले, ‘स्कूटरचा प्लग बदलायचाय.’ तिने अडगळीतून त्यांची अवजारांची पेटी काढायला लावली. तेव्हापासून सरावाला नट, बोल्ट आणि वायसर. मोठ्या मापापासून सुरुवात, चिमटीत धरायचे, वाटीत सोडायचे, रोज दोनशे वेळा. आकडा मी वहीत लिहिते.

शासनाला माझे मागणे एवढेच की उपजिल्हा रुग्णालयांत व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टची पदे भरा, आणि निदान पहिले तीन महिने, जेव्हा सुधारणा सगळ्यात वेगाने होते, तेव्हा रुग्णाच्या घरी कोणी जाईल अशी सोय करा. त्याच्या जोडीला यंत्रे जरूर येऊ द्या. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने (सीएमसी) मिळून हाताच्या सरावासाठी ‘प्लुटो’ नावाचे सुटसुटीत यंत्र आपल्याकडेच बनवले आहे. असे यंत्र जिल्हा रुग्णालयातून महिन्या-दोन महिन्यांसाठी घरी नेता आले, तर आमच्यासारख्यांची जेजुरी-सासवडची वारी वाचेल.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. नव्या यंत्राची बातमी छापताना ते किती रुग्णांवर तपासले, कशाशी तुलना केली, रुग्णाला घरी स्वतःच्या हाताने जेवता आले का आणि एका बैठकीला किती पैसे पडतात, एवढे चार प्रश्न केंद्रचालकांना विचारून उत्तरे छापावीत. घरातला माणूस अंथरुणाला खिळलेला असतो तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलेला शब्द आम्ही वेदवाक्य मानतो.

परवा ह्यांनी तेरा नंबरचा नट उजव्या चिमटीने बोल्टवरून फिरवून काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. परत बसवता अजून येत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, फलटण (जि. सातारा)