मिस्त्रीभाऊ, मजुरी चुकती झाली, आभार राहिले

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

संडासाच्या टाकीचं आणि खड्ड्याचं काम झालं, विटा-मुरमाचा हिशेब झाला, टँकरवाल्यानं त्याचे मोजून घेतले, तुमची मजुरीही चुकती झाली. आभार तेवढे राहिले. तोंडावर म्हटलं असतं तर "काहीतरीच वहिनी" म्हणत तुम्ही सायकलला टांग मारली असती. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच.

पहिले आभार त्या दिवशी तुम्ही दिलेल्या नकाराचे. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि संडासात बादली ओतली की पाणी गुडगुडत वर चढायचं. टाकीचा ढापा काढून एखाद्या पोट्ट्याला दोरानं खाली सोडायचं आणि बादल्यांनी उपसायचं, असं बैठकीत जवळपास ठरलंच होतं. तुम्ही दारातूनच म्हणालात, "आत कोनी उतरनार नाई. उतरवाचं असन त मी चाललो." मामंजी म्हणाले, नाकाला फडकं बांधून जाईल, दोन मिनिटांचं तर काम. त्यावर तुम्ही म्हणालात, "मामाजी, वास येनं बंद झालं की समजा मानूस गेला."

मी नंतर वाचलं, ते अगदी तसंच आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो वाढला की आधी नाकच बधिर करतो, त्यामुळे धोका गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही बरेचदा परत येत नाही. मिथेनही असतोच, म्हणून तुम्ही ढापा सरकवण्याआधी सगळ्यांच्या बिड्या विझवायला लावल्या. सुरक्षेची साधनं न देता माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. हे कायदे माहीत नसताना तुम्ही पायात चपला घालून निघायला तयार होतात, हे माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आम्ही सगळे टाकीवर चिडलो होतो. कोणी म्हणे यीस्ट टाका, कोणी म्हणे दुकानातली पावडर आणा, एकानं तर ॲसिडची बाटलीच आणून ठेवली. तुम्ही टाकीकडे पाहिलंही नाही, आधी विहिरीवर गेलात. आतल्या दगडांवरची ओल कुठवर चढलेली आहे ते वाकून पाहिलं. मग टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याची माती मुठीत दाबली आणि निकाल दिला, "टाकीले काई झालं नाई. पान्याले जायले जागा नाई."

कापसाच्या काळ्या जमिनीचं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शेतापुरतंच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि श्रावणात फुगून अशी मिटते की थेंब मुरत नाही. आमचा जुना खड्डा पूर्ण त्या मातीतच होता. मुरूम लागेपर्यंत तुम्ही नवा खणलात, पण खोल जाऊ दिलं नाही, रुंद केलात. पावसाळ्यात विहिरीची पातळी वर येते, खड्ड्याचा तळ तिच्या बराच वर राहिला पाहिजे, हे तेव्हा कळलं. मुरमातून पाणी झपाट्यानं पळतं, त्यासोबत घाणही पळते. म्हणून जागा घराच्या उलट्या बाजूला, विहिरीपासून 18 मीटरच्याही पुढे. आत विटांचे उभे सांधे सिमेंटविना मोकळे, बाहेरून गिट्टी.

आणि तो टी, पाइपाच्या तोंडाला लावायचा इंग्रजी T च्या आकाराचा तुकडा! टाकी बांधणाऱ्यानं बाहेर जाणारा पाइप सरळच खुपसला होता. खाली गाळ, वर तेला-मळाची साय आणि मध्ये जरा निवळ पाणी. टीचं खालचं तोंड सायीच्या खाली बुडलेलं असलं की मधलंच पाणी बाहेर पडतं. ते नसल्यानं साय खड्ड्यात जाऊन मातीची छिद्रं बुजवत होती. एवढ्याशा तुकड्यावाचून आमचे किती पावसाळे नासले असतील!

मोरीचं आणि भांड्यांचं पाणी तुम्ही टाकीतून तोडून केळी-अळूकडे नेलंत. सासूबाईंना ते पटलं नव्हतं, आता केळीचा घड त्याच दाखवतात. टाकीत पाणी किमान एक दिवस तरी निवांत थांबलं पाहिजे. घरभर पाहुण्यांच्या धुण्याचा लोंढा आला की गाळ बसायलाच वेळ मिळत नाही. पुरणा-भज्यांच्या कढयांचं तेल आता आधी कागदानं पुसून घेतो. पॅड, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या यांना संडासात बंदी. ॲसिडची बाटली परत गेली. टाकीतले जंतूच आपलं काम करतात, त्यांना आपणच का मारायचं? भांडं घासायला साधा ब्रश पुरतो.

उपशाचंही तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घातलं, काळा डाग किती उंच चढला ते पाहिलं. टाकीच्या उंचीच्या एक तृतीयांशावर गेला की गाडी बोलवायची, साधारण दोन-तीन वर्षांनी, आणि तीही उन्हाळ्यात. चिखलात गाडी आमच्या रस्त्याला येतही नाही. तळाशी थोडा गाळ विरजणासारखा राहू दिला, टाकीत लगेच पाणी भरलं. ओल्या जमिनीत रिकामी टाकी उचलली जाते, हे ऐकून मामंजी हसले होते. टँकर कुठे रिकामा करणार, हे मात्र मी चालकाला विचारलं. तो गप्प राहिला. मी पुन्हा विचारलं. नाल्यात सोडणार नाही, तालुक्याच्या ठिकाणी नेतो, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. हा प्रश्नही तुमचाच, मी फक्त आवाज चढवला.

आता एक काम सांगते, रागावू नका. आमच्या शेजारी नवीन घर उठतं आहे. खड्ड्याची आखणी आमच्या विहिरीला जवळजवळ टेकून केली आहे, चुना पडलेला आहे. मी बोलले तर शेजाऱ्याच्या बायकोचं बोलणं वाटेल. तुमचं ते ऐकतील. पोळ्याआधी एक चक्कर मारा, चहा इथेच घ्या.

तुमची,
विहिरीच्या बाजूच्या घरची वहिनी