ओवी-अर्णवच्या खेळण्यांविषयी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

दिवाळीला ओवीला भातुकली आणि अर्णवला जेसीबी आणायचा तुमचा बेत कळला. दोन्ही जरूर आणा, फक्त वेगवेगळं हातात देऊ नका. एकाच टोपलीत ठेवा आणि टोपली दोघांची म्हणा.

अर्णव आता अडीच वर्षांचा आहे. ‘मी मुलगा’ हे साधारण याच वयात उमगतं आणि मग मुलगे काय करतात, काय करत नाहीत, हे पोरं मोठ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. व्हेनेसा लोब्यू आणि ज्युडी डेलोश या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली छापलेल्या अभ्यासात लहानग्यांपुढे दोन-दोन वस्तू ठेवल्या, त्यातली एक गुलाबी. अगदी तान्ह्या मुलामुलींत फरक नव्हता. अडीच वर्षांपर्यंत मुली गुलाबीच उचलायला लागल्या आणि मुलगे तो रंग टाळायला लागले. म्हणून गुलाबी-निळं काही नको, लाकडी किंवा पितळी घ्या.

भातुकलीत पोळपाट-लाटणं, कढई, झारा, जातं हवंच. सव्वा इंचाहून लहान भांडी सध्या वर ठेवून द्या, अर्णव अजून तोंडात घालतो. खाऊ म्हणून चुरमुरे द्या; शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात. पितळेला कल्हई नसेल तर ताक, चिंच नको, कळकतं.

ओवीसाठी ठोकळेही घ्या, साठेक तरी. मुलींचे म्हणून विकतात ते बरेचसे संच तयार घरांचे असतात, त्यात रचायला फारसं उरत नाही. साधे लाकडी बघा: जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. माप चुकलं तर दोन खांबांवर आडवा ठोकळा नीट बसत नाही, पूल ढासळतो आणि पोरं कंटाळतात. नुसते चौकोनी तुकडे असले तर पूल अगदीच तोकडा होतो.

अर्णवला जेसीबीच हवा असेल तर ओढून घेऊ नका. जेसीबीनं चुरमुरे उचलून ओवीच्या कढईत ओतायला सांगा. तो लाटायला बसला आणि कुणी ‘काय बायकांसारखं’ म्हणून हसलं, तर तो लाटणं खाली ठेवेल, बहुधा कायमचं. म्हणून बाबा, त्या वेळी तुम्हीच शेजारी बसून एक पोळी लाटा. आईपेक्षा तुम्ही लाटलेली त्याच्या जास्त लक्षात राहील.

तुळशीबागेत गेलात तर लाटण्याच्या टोकांवरून बोट फिरवून बघा, कूस असली तर दुसरं मागा.

तुमची,
मीनल