‘बायस’ म्हणजे दर वेळी पूर्वग्रह नव्हे

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा लेख आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. लेख श्रमपूर्वक लिहिलेला आहे. परंतु त्यातील एका वाक्यापाशी मी अडलो. ‘जाळ्यातील प्रत्येक पेशीला स्वतःचा पूर्वग्रह असतो आणि शिकताना तो बदलत जातो,’ असे संगणकातील कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याविषयीचे ते वाक्य होते. मूळ इंग्रजी शब्द ‘बायस’ असणार, हे उघड आहे. त्याच लेखात पुढे, अर्जांची छाननी करताना यंत्रणा एखाद्या समाजगटाला डावलते तेव्हा काय घडते हे सांगतानाही ‘पूर्वग्रह’ हाच शब्द आला आहे. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत शब्द एकच असला, तरी गोष्टी दोन आहेत. पेशीचा बायस म्हणजे आत येणाऱ्या आकड्यांना त्यांच्या त्यांच्या भाराने गुणून झालेल्या बेरजेत मिळवलेला एक सुटा आकडा होय. शाळेत सरळ रेषेच्या समीकरणात ‘एम एक्स’च्या पुढे जो ‘सी’ मिळवला जातो, त्याचाच हा भाऊ. त्याला कोणाविषयी आकस असण्याचे काही कारण नाही.

हा गोंधळ एका लेखापुरता असता, तर पत्र लिहिण्याचा खटाटोप केला नसता. बायस दिसला की पूर्वग्रह किंवा पक्षपात लिहून मोकळे व्हायचे, ही आता मराठी लेखनातली सवयच झाली आहे. या दोन्ही शब्दांत दोषारोप आहे. पूर्वग्रह होण्यासाठी आधी मन लागते आणि पक्षपात करण्यासाठी निदान दोन पक्ष तरी लागतात. इंग्रजी शब्दाचा प्रवास मात्र मनापासून सुरू झालेला नाही. फ्रेंचमधील ‘तिरपा’ या अर्थाचा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि गवतावर गोळे घरंगळवण्याच्या ‘बोल्स’ या खेळात स्थिरावला. या खेळातला गोळा मुद्दाम एका अंगाला जड केलेला असे (आता तो परिणाम गोळ्याच्या आकारातूनच साधतात), त्यामुळे तो सरळ सोडला तरी वाकडा जातो आणि वेग मंदावू लागला की अधिकच वळतो. गोळ्याच्या त्या अंगभूत ओढीला बायस म्हणत. माणसाच्या मनाला तो शब्द लागला तो या गोळ्यावरून, रूपकाने. आपण मात्र रूपक तेवढे उचलले आणि गोळा मागेच ठेवला.

याच शब्दाचा दुसरा संसार शिवणकामात आहे. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करून कापलेले कापड ताणले जाते, अंगाबरोबर वळते आणि गळ्याच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसते. इंग्रजीत हा ‘बायस कट’. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२०च्या दशकात अख्खे पोशाख असे बेतून नाव मिळवले. मराठीत यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. शिवणाऱ्या हातांना ‘उरेब’ हा शब्द पाठ आहे. कोणी त्याचा उच्चार ‘उरेप’ असा करतात. हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ तिरपा असाच आहे. गंमत अशी की, ज्याला इंग्रजीत ‘अनबायस्ड’ म्हणतात त्या संख्याशास्त्रीय अनुमानाला फारसी भाषक ‘नाउरीब’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडे गळपट्टीपुरता राहिलेला शब्द तिकडे गणिताच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला आहे. आपल्या परिभाषेने मात्र ‘अभिनती’ हा संस्कृत शब्द घडवला. तो चुकीचा नाही. पण परीक्षेच्या दालनाबाहेर तो कोणाच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवत नाही.

संख्याशास्त्रातील बायस नीट समजून घेणे सर्वांत निकडीचे आहे, कारण बातम्यांत तोच वारंवार येतो. दर वेळी २०० ग्रॅम जास्त दाखवणारा काटा लबाड नसतो, पण त्याची प्रत्येक नोंद एकाच बाजूला चुकते. दहा वेळा वजन करून सरासरी काढली, तरी ती चूक जात नाही. नमुन्यावरून आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढताना नमुन्यातील संख्येने भागण्याऐवजी एकने कमी संख्येने भागतात तेही अशी एकतर्फी चूक काढून टाकण्यासाठीच. तिथे कोणाच्या मनातले किल्मिष धुवायचे नसते. अमेरिकेत १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि उमेदवारांपैकी लँडन जिंकणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्त्यांच्या याद्या बऱ्याच अंशी टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या होत्या आणि उत्तर देण्याची तसदी घेणारे लोकही एकाच बाजूचे अधिक होते. संपादकांचा हेतू शुद्ध असूनही नमुना कलंडलेला होता. या प्रकाराला पक्षपात म्हटले, की वाचक कारस्थान शोधू लागतो आणि याद्या तपासायचे राहून जाते.

विजेच्या मंडलांतही बायस आहे. ट्रान्झिस्टर काम करण्याच्या स्थितीत राहावा म्हणून त्याला आधीच लागू केलेले विद्युत्दाब, आणि ध्वनिफितीवर आवाज मुद्रित करताना त्याच्या संकेतात मिसळलेला, कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह, या दोहोंना हेच नाव आहे. तिथे तो दोष नसून सोय असते.

कायद्यातला अर्थ याहून नाजूक आहे. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, या नियमाला इंग्रजीत बायसविरुद्धचा नियम म्हणतात. इंग्लंडमध्ये लॉर्ड चॅन्सेलर या पदावरील न्यायाधीश कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने दिलेला निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८५२ साली रद्द ठरवला, कारण त्यांच्याकडे त्या कंपनीचे भाग होते. त्या हितसंबंधाचा त्यांच्या मनावर यत्किंचितही परिणाम झाला असेल असे कोणी मानत नाही, हे निकालातच नमूद केलेले आहे. अशा प्रकरणाच्या बातमीत ‘न्यायाधीशांचा पूर्वग्रह’ असे छापणे म्हणजे न्यायालयाने जे म्हणायचे कटाक्षाने टाळले तेच म्हणणे होय. तिथे ‘हितसंबंध’ किंवा ‘पक्षपाताची वाजवी शंका’ हेच शब्द हवेत.

मानसशास्त्रातील ‘कॉग्निटिव्ह बायस’बाबत माझेही मत पक्के नाही. ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमान यांच्या १९७४च्या निबंधापासून ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. त्यांचा मुद्दा असा की, अंदाज बांधताना माणसे वाटेल तशी चुकत नाहीत, ठरावीक दिशेनेच चुकतात. आणि हे कोणाविषयी राग-लोभ नसतानाही घडते. यालाही ‘पूर्वग्रह’ शोभत नाही. ‘विचाराचा कल’ त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

राहता राहिला तो काट्याचा आणि यंत्राचा बायस. त्यासाठी ‘पासंग’ या शब्दाचा विचार व्हावा, अशी माझी सूचना आहे. तराजूच्या दोन पारड्यांत मुळातच असलेला फरक म्हणजे पासंग, आणि तो फरक भरून काढण्यासाठी हलक्या बाजूला बांधलेले वजन म्हणजेही पासंग. बायसमध्ये जसे एकतर्फी चूक आणि मुद्दाम घातलेला भार हे दोन्ही अर्थ येतात, तसे ते इथेही एकत्र नांदतात. हा शब्द आज ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्यापुरताच उरला आहे, हे खरे. पण तेवढ्याने तो अपरिचित ठरत नाही. ‘झुकते माप देणे’ मात्र इथे चालणार नाही, कारण ते माप कोणीतरी जाणूनबुजून दिलेले असते.

अर्ज डावलणाऱ्या यंत्रणेविषयी लिहिताना ‘पक्षपात’ हा शब्द खुशाल वापरावा. तिथे नुकसान माणसांचे होते आणि उत्तरही माणसांनीच द्यायचे असते. परंतु त्या लेखातील माझ्या अडलेल्या वाक्याची दुरुस्ती आपण छापणार असाल, तर ती अशी असावी: ‘जाळ्यातील प्रत्येक पेशीला स्वतःचा एक पासंग असतो आणि शिकताना तो बदलत जातो.’

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक